जड धातूंची जमीन आणि फुलझाडे

मातीत पडलेले बहुतेक पदार्थ कालांतराने मातीचेच होऊन जातात. पालापाचोळा कुजतो, जनावरांचे सांगाडे झिजतात, खनिज तेलासारखा परका पदार्थदेखील सूक्ष्म जंतूंच्या तावडीत सापडला म्हणजे काही वर्षांत विघटन पावतो. परंतु शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम यांसारखे धातू आणि त्यांच्याच वर्गात गणले जाणारे आर्सेनिक ही मूलद्रव्ये असल्यामुळे कुजून नाहीसे होणे त्यांच्या प्रकृतीतच नाही. कारखाना बंद पडतो, मालक बदलतो, दप्तरातील कागद जीर्ण होतात; धातू मात्र ज्या वावरात सांडला त्याच वावरात, नांगराच्या फाळाला लागेल एवढ्याच खोलीवर, पिढ्यानुपिढ्या ठाण मांडून राहतो. अशा जमिनीच्या बाबतीत मनुष्याला दोनच गोष्टी करता येतात. तो धातू तेथून काढून अन्यत्र नेणे ही एक; किंवा तो पाण्यात, धुळीत अथवा अन्नात उतरणार नाही अशा रीतीने जागच्या जागी जखडून ठेवणे ही दुसरी.

यांपैकी केवळ मनुष्यबळाने आणि यंत्रबळाने केलेल्या उपायाला किती काळ आणि किती द्रव्य लागते, याचा दाखला जपानमधील तोयामा प्रांतात मिळतो. कामिओका येथील खाणींतून जिंझू नदीत उतरलेले कॅडमियम कालव्यावाटे भातखाचरांत आणि तेथून तांदळात पोचले, आणि तो तांदूळ वर्षानुवर्षे खाणाऱ्या कित्येक स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही ती मोडू लागली. इताई-इताई या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या या रोगाचे मूळ खाणीच्या प्रदूषणात आहे, हे जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. त्यानंतर दूषित थर गाडून टाकून वर स्वच्छ माती पसरण्याचे काम १९७९ मध्ये जे सुरू झाले, ते संपायला २०१२ साल उजाडले. एका संपन्न राष्ट्राला एका नदीकाठची खाचरे सुधारण्यास तीन तपांच्या आसपास काळ लागावा, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्या देशांजवळ तेवढा पैसा नाही आणि दूषित जमिनी मात्र पुष्कळ आहेत, त्यांनी वनस्पतींच्या साहाय्याकडे आशेने का पाहावे, हे निराळे सांगण्याचे कारण उरत नाही.

ही आशा निराधार नाही. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सरहद्दी जेथे एकत्र येतात त्या आखेनच्या परिसरात जस्ताच्या जुन्या खाणी आहेत, आणि त्या खाणींच्या भोवती, जेथे इतर गवतही धड उगवत नाही अशा मातीत, पिवळ्या फुलांचा एक व्हायोलेट आणि मोहरीच्या कुळातील थ्लास्पी नावाचे एक बुटके रोप सुखाने नांदते. १८८५ मध्ये बाउमान या जर्मन अभ्यासकाने त्या वनस्पतींचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा थ्लास्पीच्या वाळलेल्या पानांत वजनाच्या एक टक्क्याहून अधिक जस्त आढळले. १९४८ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सनजीक मिंगुत्सी आणि वेर्न्यानो या संशोधकांना ॲलिसमच्या एका जातीत निकेलचा असाच साठा सापडला. पण या सर्वांवर कडी केली ती न्यू कॅलिडोनिया बेटावरील एका वृक्षाने. त्याच्या खोडाला खाच पाडली म्हणजे जो चीक ओघळतो तो पांढरा नसून निळसर हिरवा असतो, कारण त्या चिकाच्या शुष्क वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा निकेलचा असतो. या वृक्षाचे वर्णन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हापासून अशा वनस्पतींना अतिसंचयी असे म्हणण्याचा प्रघात पडला. त्यांच्या आजवर सातशेंहून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून त्यांतील बहुसंख्य निकेलच्या आहेत. १९८३ मध्ये अमेरिकेच्या शेतकी खात्यातील रूफस चेनी यांनी या नैसर्गिक चमत्काराला व्यवहाराची दिशा दिली: अशी झाडे दूषित जमिनीत मुद्दाम लावावीत, कापावीत, जाळावीत, आणि राखेवाटे धातू काढून न्यावा.

वनस्पती हे कार्य कसे करते, ते पाहण्याजोगे आहे. मुळांना मातीतून जस्त, लोह, फॉस्फेट आदी द्रव्ये हवी असतात आणि ती आत घेण्यासाठी मूलरोमांच्या पेशींच्या आवरणात निवडक प्रथिनांची द्वारे असतात. ही निवड काटेकोर नसते. कॅडमियमचा आयन जस्ताशी इतका साधर्म्य राखतो की तो जस्ताच्या द्वाराने आत शिरतो; आर्सेनेट हे फॉस्फेटच्या वेषात येते. सामान्य झाड या आगंतुकाला मुळातच अडवून ठेवते, आणि धातूयुक्त जमिनीत तग धरून राहणाऱ्या पुष्कळशा वनस्पतींचे संरक्षण यातच असते. अतिसंचयी झाडाची रीत याच्या उलट. ते धातूला मुळात रेंगाळू न देता जलवाहिनीत चढविते, सायट्रेटसारख्या सेंद्रिय आम्लांशी किंवा गंधकयुक्त प्रथिनखंडांशी बांधून पानापर्यंत नेते, आणि तेथे पेशींच्या रिक्तिकेत बंदिस्त करते. जुन्या वाड्याच्या भिंतीत धान्याचे बळद असते आणि घरातील व्यवहार त्याला न शिवता चालू राहतात, त्याप्रमाणे रिक्तिकेत कोंडलेला धातू पेशीच्या जीवनव्यापारापासून अलग राहतो. त्यामुळेच इतर झाडांना मारक ठरणारे प्रमाण या झाडाच्या पानात असूनही पान हिरवेगार दिसते.

मग शोभेच्या झाडांची गरज कोठे पडते? अतिसंचयी वनस्पतींचा मोठा दोष असा की, त्यांतील कित्येक अंगाने अगदी लहान, वाढीला मंद आणि एका विशिष्ट प्रदेशाबाहेर न रुजणाऱ्या आहेत. थ्लास्पीचे रोप फारसे उंच वाढत नाही. पानात धातू पुष्कळ, पण पानेच थोडी. भराभर वाढणारी मका, ज्वारी, मोहरी यांसारखी पिके घ्यावीत, तर त्यांचा दाणा वा पाला कोणाच्या तरी पोटात जाणार, आणि विषारी वावरातील पीक खपविण्याचा मोह गरिबीला अनावर असतो. फुलझाडांजवळ या दोहोंवर उतारा आहे. त्यांचे बी-बियाणे बाजारात मिळते, लागवडीची रीत माळ्याला पिढीजात ठाऊक असते, वर्षातून दोन हंगाम निघू शकतात, आणि जमीन पडीक न राहता खातेदाराच्या हाती चार पैसे येतात. शिवाय शहराच्या वस्तीत, रस्त्याच्या दुभाजकावर किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात एखादे रानटी तण मुद्दाम वाढविण्यास नागरिक राजी होणार नाहीत. झेंडूच्या ताटव्यास कोणी हरकत घेणार नाही.

फूल आणि धातू यांचा संबंध उद्यानप्रेमींना एका परीने पूर्वीपासून परिचित आहे. हायड्रेंजियाचे झुपके आम्लधर्मी मातीत निळे आणि चुनखडीच्या मातीत गुलाबी फुलतात, आणि या रंगपालटाला कारण ॲल्युमिनियम असते: आम्ल मातीत तो विरघळून मुळावाटे फुलोऱ्यापर्यंत चढतो आणि तेथील रंगद्रव्याशी संयोग पावून निळाई आणतो. चीनमध्ये या संबंधाचा विचार जमीन शुद्ध करण्याच्या दृष्टीने पद्धतशीरपणे झाला. नानकाय विद्यापीठाचे चौ छीशिंग आणि त्यांचे सहकारी यांनी तेरडा, कॅलेंडुला आणि गुलखैरा ही तीन झाडे कॅडमियम व शिसे मिसळलेल्या मातीत वाढवून पाहिली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती झाडे विषाला तोंड देऊन वाढली आणि त्यांनी धातूही उचलला. गुलबक्षी आणि झेंडू यांच्यावरही अशाच परीक्षा झाल्या आहेत. फ्रान्समध्ये तूलूझ येथे शिशाच्या कारखान्यालगतच्या जमिनीत सुगंधी पेलार्गोनियमचे निरनिराळे वाण लावले असता, काही वाणांच्या पालादेठांत किलोमागे १००० मिलिग्रॅमहून अधिक शिसे आढळले. शिसे हा मातीला घट्ट चिकटणारा आणि मुळाला सहसा वश न होणारा धातू असल्यामुळे या यशाचे मोल अधिक आहे.

तथापि शोभेच्या वनस्पतींत ज्याचे स्थान निःसंशय पहिले, तो फुलणारा नाहीच. तो एक नेचा आहे, टेरिस व्हिटाटा. अमेरिकेत फ्लॉरिडा येथे लाकूड टिकविण्यासाठी आर्सेनिकयुक्त द्रावण वापरणाऱ्या एका जुन्या आवारात तो वाढलेला आढळला, आणि लेना मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जाहीर केले की तो मातीतील आर्सेनिक असाधारण प्रमाणात पानांत साठवितो. प्रयोगातील काही पानांत शुष्क वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक आर्सेनिक निघाले. पुढे वॉशिंग्टन शहरातील स्प्रिंग व्हॅली या वस्तीत, जेथे पहिल्या महायुद्धात रासायनिक अस्त्रांचे प्रयोग झाले होते, तेथील आर्सेनिकयुक्त अंगणांत हाच नेचा लावण्यात आला. अमेरिकेत तो बाहेरून आलेला. आपल्याकडे तो घरचाच आहे. जुन्या विहिरीच्या चुन्याच्या सांध्यातून किंवा पडक्या वाड्याच्या ओल धरलेल्या भिंतीतून लांब, खाली झुकलेली पाने सोडणारा, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंस अरुंद पर्णिका ओळीने मांडणारा आणि पर्णिका उलटी केली असता तिच्या कडेने बीजाणूंची तपकिरी किनार दाखविणारा नेचा पुष्कळांनी पाहिला असेल. चुना त्याला मानवतो. भिंतीवरून उपटून फेकला जाणारा हा रहिवासी आर्सेनिकने पीडित अशा मुलुखाच्या उपयोगी पडण्याजोगा आहे, याची जाणीव आपल्याला परदेशातून यावी, ही गोष्ट मनाला लागते.

एवढे गुणवर्णन केल्यावर हिशेब मांडणे प्राप्त आहे, कारण या विषयात उत्साहाने आणि हिशेबाने फारशी भेट घेतलेली दिसत नाही. एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटीमीटर थर घेतला तर त्याचे वजन साधारणतः २६०० टन भरते. त्यात किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे असे मानले, तर एकूण कॅडमियम १३ किलो झाले. ते किलोमागे १ मिलिग्रॅमवर आणावयाचे तर १० किलोंहून अधिक धातू बाहेर काढावा लागेल. आता एखाद्या फुलझाडाने हंगामाला हेक्टरी ५ टन शुष्क भार दिला आणि त्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम कॅडमियम उचलले, असे हिशेबापुरते गृहीत धरू. एका हंगामात निघाले २५० ग्रॅम. म्हणजे चाळीसहून अधिक हंगाम, आणि वर्षाला दोन हंगाम घेतले तरी वीसहून अधिक वर्षे. शिवाय माती जसजशी स्वच्छ होत जाईल तसतसा मुळांच्या हाती लागणारा धातूही कमी होत जाणार, तेव्हा मुदत याहूनही लांबणार. यावरून हे स्पष्ट व्हावे की, ज्या जमिनीत प्रदूषण सौम्य आणि उथळ आहे तेथेच ही तजवीज शोभते. जेथे धातूचा थर साचून राहिला आहे, तेथे प्रथम फावडेच चालले पाहिजे.

हिशेबाची उपेक्षा झाली म्हणजे काय होते, ते २०११ मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर दिसून आले. किरणोत्सारी सीझियम सूर्यफूल शोषून घेते अशा समजुतीने तेथे जागोजाग सूर्यफुले लावण्यात आली. परंतु जपानच्या कृषिमंत्रालयाने चाचणी घेतली तेव्हा मातीतील सीझियमचा सुमारे दोन हजारावा भागच झाडांत गेल्याचे आढळले. चेर्नोबिलनजीकच्या तळ्यात तराफ्यांवर वाढविलेल्या सूर्यफुलांनी पूर्वी चांगले काम केले होते, हे खरे. पण तेथे मुळे पाण्यात लोंबत होती, आणि येथे सीझियम अभ्रकवर्गीय खनिजांच्या पापुद्र्यांत अडकून बसले होते. धातू मातीत किती आहे यापेक्षा त्यातील मुळाच्या आवाक्यात किती आहे, हा या शास्त्रातील कळीचा प्रश्न होय. शिसे सुटे करण्यासाठी इडीटीएसारखी द्रव्ये मातीत ओतण्याचे प्रयोग गेल्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ झाले. त्यांनी शिसे सुटे केले खरे, परंतु ते मुळाने उचलण्याच्या आत भूजलात उतरण्याचे भय निर्माण झाले, आणि हा मार्ग मला तरी स्वीकारार्ह वाटत नाही. दख्खनच्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर आणि चुनखडीमुळे तिचा कल अल्कधर्माकडे असल्यामुळे कॅडमियम, शिसे यांसारखे धातू तेथे आवळून धरले जातात. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत कॅडमियम त्या मानाने मोकळे राहते. तेव्हा जे झाड रत्नागिरीत गुण दाखवील ते सोलापुरात दाखवीलच असे नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, ज्याचा विचार परदेशी ग्रंथांत सहसा आढळत नाही, कारण त्याचा संबंध आपल्या लोकाचाराशी आहे. शोभेच्या झाडाची सारी थोरवी ते खाल्ले जात नाही यात आहे. परंतु आपल्याकडील फूल खुडल्यावर कोठकोठे जाते? दसऱ्याला झेंडूची तोरणे दारावर, यंत्रावर, वाहनावर चढतात. देवाला वाहिलेला हार दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतो. ते निर्माल्य काही नदीत पडते, काही देवळामागे गाय खाते, आणि अलीकडे अनेक नगरपालिका ते कलशांत गोळा करून त्याचे खत बनवितात व ते खत बागेला आणि परसातील भाजीला घातले जाते. गुलाबाचा गुलकंद होतो. झेंडूच्या पाकळ्यांतील रंगद्रव्य कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात, ते अंड्याचा बलक गडद पिवळा व्हावा म्हणून. म्हणजे ज्या वाटेने विष अन्नात परतू नये म्हणून आपण फुलाची निवड केली, त्याच वाटेवर फूल पुन्हा चालू लागते. बहुतेक अभ्यासांत असे आढळते की धातूचा अधिक भाग मुळांत व पानांत राहतो आणि फुलापर्यंत थोडाच पोचतो, ही समाधानाची गोष्ट खरी; परंतु 'थोडाच' म्हणजे किती, हे प्रत्येक जमिनीसाठी मोजल्यावाचून अशा बागेतील फुलांना बाजाराचा परवाना मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहूनही मोठी अडचण फुलाची नसून फूल खुडल्यावर मागे उरणाऱ्या झाडाची आहे. झेंडूचा हंगाम संपला म्हणजे शेतकरी ती झाडे शेतातच नांगरून गाडतो, आणि चांगल्या जमिनीत हे योग्यच आहे, कारण त्याच्या मुळांतील द्रव्यांमुळे सूत्रकृमींचा उपद्रव कमी होतो; टोमॅटोच्या पिकात झेंडूच्या ओळी घालण्याची चाल याच कारणाने पडली. दूषित जमिनीत मात्र या एका कृतीने सबंध हंगामाची मेहनत वाया जाते. मुळांनी गोळा केलेला धातू मुळांसकट मातीत परत जातो, आणि पाने कुजल्यावर तो पूर्वीपेक्षा अधिक सुट्या रूपात उपलब्ध होण्याचा संभव असतो. अशा शेतात झाड ओलसर मातीतून मुळासकट उपटले पाहिजे, माती तेथेच झटकली पाहिजे, गळलेली पाने झाडून घेतली पाहिजेत, आणि तो सारा भारा वाळवून धुराच्या गाळणीची सोय असलेल्या भट्टीत जाळून राख सुरक्षित ठिकाणी पोचविली पाहिजे. तो भारा बंबात किंवा चुलीत सरपण म्हणून जाता कामा नये. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामाईक व्यवस्था आहे. तिच्यापर्यंत हा भारा नेण्याचा खर्च लागवडीच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे, आणि तो जमीन बिघडविणाऱ्याकडून वसूल व्हावा, खातेदाराकडून नव्हे.

फुलापेक्षा अत्तराची वाट काही ठिकाणी अधिक निर्धोक ठरते. बल्गेरियात प्लॉव्हडिव्ह शहरानजीक धातू गाळण्याचा कारखाना असून त्याच्या परिसरातील दूषित जमिनीत लव्हेंडर, पुदिना इत्यादी सुगंधी वनस्पतींची परीक्षा झाली. पाला धातूयुक्त निघाला, पण वाफेने ऊर्ध्वपातन करून काढलेले तेल जवळपास निर्मळ, कारण धातू वाफेबरोबर उडून जात नाही. तो चोथ्यात राहतो. वाळा, गवती चहा, रोशा गवत ही आपल्या परिचयाची पिके याच न्यायाने उपयोगी पडण्याजोगी आहेत, अर्थात चोथ्याचा बंदोबस्त वर सांगितल्याप्रमाणे झाला तर.

आणि जेथे धातू काढून नेणे आवाक्याबाहेरचे आहे, तेथे तो जखडून ठेवणारी झाडे हाच मार्ग. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने नजीकच्या गुमगाव येथील मँगनीजच्या खाणीच्या उघड्याबोडक्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यातील मळी आणि मुळांशी सहजीवन करणारे सूक्ष्म जीव यांच्या साहाय्याने वृक्ष उभे केले. धूळ उडणे थांबणे आणि पावसाबरोबर धातू वाहून जाणे आटोक्यात येणे, एवढेच या पद्धतीचे उद्दिष्ट असते, आणि ते लहान नाही. अशा ढिगाऱ्यावर कण्हेर, बोगनवेल, कर्दळ यांसारखी कोणी न खाणारी शोभेची झाडे वृक्षांच्या जोडीने लावली, तर ती जागा लोकांच्या नजरेत राहील आणि तिची निगा राखण्याची मागणीही होत राहील.

शहरांच्या आसपास सांडपाण्यावर पालक, माठ, मुळा पिकविणाऱ्या पट्ट्या असतात, आणि पालेभाजी तर कॅडमियम उचलण्यात पुष्कळ फुलझाडांहून तत्पर असते. या पट्ट्यांपासून आरंभ करता येईल. प्रथम मातीची आणि पाण्याची तपासणी. तिचा निकाल शेतकऱ्याच्या हाती लेखी. निकाल वाईट आल्यास भाजीऐवजी झेंडू, शेवंती वा कॅलेंडुला, आणि पहिल्या तीन-चार वर्षांत घटणाऱ्या उत्पन्नाची भरपाई. हंगामाअखेर मूळ, पान आणि फूल यांची निरनिराळी परीक्षा. आणि या सर्वाची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या शेजारी, म्हणजे जमीन उद्या दुसऱ्याच्या नावे चढली तरी तिच्या मातीत काय आहे, हे घेणाऱ्याला तलाठ्याच्या चावडीतच कळेल.